छोट्या परसात नत्र धरणारी, खाता येणारी बहुवर्षायू झुडपं: पुण्यात कोणती लावावीत?

परस_धायरी

घरामागे २२ × १४ फूट मोकळी जागा आहे. खाली बांधकामाच्या वेळचा मुरूम, त्यावर बाहेरून आणलेली काळी माती साधारण दीड फूट. पश्चिमेला ५ फुटी कंपाउंडची भिंत, ऊन सकाळी ९ ते दुपारी ३. सध्या ४ वर्षांची कागदी लिंबोणी, कढीपत्ता, एक शेवगा आणि भाजीचे ४ × १० फुटांचे दोन वाफे आहेत. विकतचं खत कमी करायचंय. म्हणून एकदा लावल्यावर ३–४ वर्षं टिकतील, स्वयंपाकघरात काहीतरी देतील आणि जमिनीला नत्रही देतील अशी झुडपं हवी आहेत.

परदेशी व्हिडिओंमध्ये गूमी, सायबेरियन पी श्रब आणि सी बकथॉर्न यांचं फार कौतुक असतं. त्यातलं पुण्यात काही जगेल का? शेवगा नत्र धरतो असं ऐकलंय, ते खरं का? आणि नत्र धरणारं झुडूप लिंबोणीशेजारी नुसतं लावलं की तिला आपोआप नत्र मिळतं का, की आणखी काही करावं लागतं?

गेल्या जूनमध्ये तुरीची ४ रोपं लावली होती. ऑगस्टमध्ये चारही पिवळी पडली, पुढे दोन माना टाकून वाळली, दोन अजून उभी आहेत. मृग तोंडावर आलाय, त्याआधी ठरवायचंय.

मुळावरची_गाठ

आधी शेवगा, कारण हा गैरसमज सगळीकडे पसरलाय. शेवगा नत्र धरत नाही. त्याला शेंगा येतात, पण त्याचं कूळच वेगळं आहे. त्याच्या पाल्यात नत्र भरपूर असतं आणि खताला तो चांगला, मात्र ते सगळं तुमच्याच जमिनीतून उपसलेलं असतं. उलट चिंच, कांचन आणि बहावा ही शेंगवर्गीय कुळातली झाडं, तरी त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. शेंग बघून ठरवलं तर दोन्हीकडून फसायला होतं. मूळ उकरून गाठ बघावी, तीच खात्री.

आता तुमचा खरा प्रश्न: शेजारी लावलं की नत्र मिळतं का? फार थोडं. गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. झाड हिरवंगार वाढत असताना शेजाऱ्याच्या वाट्याला नगण्य येतं. लिंबोणीला नत्र पोचतं ते गळलेल्या पानांतून, छाटलेल्या पाल्यातून आणि छाटणीनंतर जमिनीत मरणाऱ्या बारीक मुळांतून व गाठींतून. वरचा पाला कापला की खालचा तेवढा पसारा पोसणं झाडाला जमत नाही, म्हणून ते जुन्या गाठी सोडून देतं आणि नवी पालवी आली की नव्या धरतं. त्यामुळे तुमच्या बागेत नत्र वाटण्याचं काम कात्री करणार आहे. न छाटता वाढू दिलेली तूर तुम्हाला दाणे देईल, लिंबोणीला फारसं काही देणार नाही.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे अपेक्षा बरोबर राहतील. तुरीच्या वाळलेल्या दाण्यात साधारण २२ टक्के प्रथिनं धरली तर किलोभर दाण्यांबरोबर ३५ ग्रॅम नत्र बागेतून स्वयंपाकघरात जातं. ते खाण्यासाठीच लावलंय, त्यामुळे तक्रार नाही, पण ते जमिनीला मिळालं असं धरू नका. दुसरीकडे ५ किलो ओला कोवळा पाला म्हणजे वाळून सव्वा किलोच्या आसपास आणि त्यात ३ टक्क्यांच्या हिशेबाने ३५–४० ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ही साधारण ८० ग्रॅम युरियाची बरोबरी झाली. लिंबोणीसाठी ही मदत खरी आहे, मात्र एका झुडपावर सगळ्या बागेचं खत भागणार नाही.

परदेशी नावांपैकी सी बकथॉर्न आपल्याकडे लडाख आणि लाहौल-स्पितीत वाढतं. त्याला कडक थंडीचा हिवाळा लागतो, सायबेरियन पी श्रबलाही तसाच. एप्रिल-मेच्या पुण्यात त्यांच्यावर पैसे घालू नका. गूमीचा एक भाऊबंद मात्र आपल्या सह्याद्रीत आहे, आंबगूळ. त्याबद्दल इथे जाणकार आहेत, ते लिहितील.

तुमच्या जागेसाठी माझा कौल असा: तुरीची ३ झाडं, उत्तरेच्या कडेला एक हादगा आणि भिंतीवर गोकर्णाचे दोन वेल. हादगा उत्तरेला, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून येतो तेव्हा त्याची सावली वाफ्यांवर पडत नाही. गोकर्ण झुडूप नाही, पण बहुवर्षायू आहे, गाठी भरपूर धरतो, आणि त्याची निळी फुलं भातात, सरबतात, चहात चालतात. फुलंच खायची. बिया आणि मुळं रेचक आहेत, ती पोटात जाऊ देऊ नका. बी टणक असतं, तेव्हा नेलकटरने टरफलाला एका कडेला जरासा टवका काढून रात्रभर भिजवा. टवका न काढलेलं बी कधीकधी महिनाभर जमिनीत तसंच पडून राहतं.

काळी_भुई

तुरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमची दोन झाडं का गेली ते कळल्याशिवाय पुन्हा लावण्यात अर्थ नाही.

शेतात तूर एका हंगामात काढतात म्हणून ती वर्षायू वाटते. मूळ स्वभावाने ती झुडूप आहे आणि पाणी मिळालं तर ३ वर्षं सहज, कधी ५ वर्षंही टिकते. पण टिकायला वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा हवा. बीएसएमआर-७३६ (लाल दाणा), बीएसएमआर-८५३ म्हणजे वैशाली (पांढरा दाणा) किंवा आयसीपीएल-८७११९ म्हणजे आशा, यांपैकी एक घ्या. वाण्याकडची अख्खी तूर पेरू नका. ती उगवते, पण कोणत्या वाणाची आहे आणि रोगाला किती टिकेल हे कळायला मार्ग नसतो.

वाळलेल्या झाडाचं खोड अजून असेल तर जमिनीलगत उभं चिरून बघा. सालीखाली काळ्या-तपकिरी रेषा वरपर्यंत गेलेल्या दिसल्या, किंवा हिरव्या खोडावर खालून वर चढणारा जांभळट पट्टा होता, तर तो मर रोग. ही बुरशी तुरीच्या धसकटांवर जमिनीत ३ वर्षांपर्यंत तग धरते. मग त्या जागी तूर पुन्हा नको, धसकटं मुळासकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. रेषा नाहीत आणि मुळं काळी पडून सडलेली आहेत, तर पाणी साचलं असं समजा. दीड फूट काळ्या मातीखाली दाबून बसवलेला मुरूम, म्हणजे पावसाळ्यात तळाला थाळीच. गाठींना श्वास घ्यायला हवा लागते. दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की गाठी काम थांबवतात आणि झाड पिवळं पडतं. तुमची चारही झाडं एकदम ऑगस्टमध्ये पिवळी पडली, यावरून मला पाण्याचा संशय जास्त येतो. मर सहसा एखाद-दुसऱ्या झाडापासून सुरू होते.

म्हणून यंदा गादीवाफा करा, ९ ते १२ इंच उंच, ३ फूट रुंद. तुरीचं सोटमूळ जाईल तिथे पहारीने मुरमात फूटभर खोल भोक पाडून त्यात शेणखत आणि माती भरा. चौरस मीटरला दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट. गाठींना स्फुरद (फॉस्फरस) लागतं आणि काळ्या, चुनखडीच्या मातीत ते अडकून बसतं, म्हणून ते शेणखतात मिसळूनच द्या.

बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा. आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी), किलोला ५ ग्रॅम, आणि शेवटी रायझोबियम (गाठीत नत्र धरणारे जिवाणू), किलोला २५ ग्रॅम. तुम्हाला १५–२० बियाच लागणार, तेव्हा गुळाच्या चिकट पाण्याचे काही थेंब आणि चमचाभर भुकटी पुरे. बी वाटीत हलकेच घोळा, टरफल सोलवटू देऊ नका. सावलीत अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकिटावर 'तुरीसाठी' किंवा 'चवळी गट' असं लिहिलेलं हवं. हरभऱ्याचं रायझोबियम तुरीला चालत नाही. मुदत आणि साठवण दोन्ही बघा, दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेल्या पाकिटातले जिवाणू मेलेले असतात.

एका जागी ३ बिया, दीड इंच खोल, जागांमध्ये ३ फूट अंतर. उगवल्यावर जोमाचं एकच ठेवा. साधारण ५० दिवसांनी मुख्य शेंडा दोन इंच खुडा, बाजूच्या फांद्या फुटून झुडूप बसकं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलं, डिसेंबर-जानेवारीत ओल्या शेंगा.

फुलं आल्यावर घाटे अळी येणारच. ३ झाडांना फवारणीची गरज नाही. झाडाखाली पोतं पसरून फांद्या हळूच हलवा, अळ्या पोत्यावर पडतात, त्या साबणाच्या पाण्यात टाका. अंडी आणि अगदी बारीक अळ्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी. दाण्याला बारीक भोक आणि आत पांढुरकी अळी दिसली तर ती शेंगमाशी, तिच्यावर शेंगा कोवळ्या असतानाच काढणं हाच उपाय.

शेवटची आणि सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट, म्हणजे शेंगांनंतरची छाटणी. पुष्कळ लोक तूर फूटभरावर कापतात आणि ती वाळते. तुरीच्या जुन्या, पान नसलेल्या लाकडातून फूट येईल याचा भरवसा नसतो. अडीच-तीन फुटांवर कापा आणि कापाच्या खाली हिरव्या पानांच्या चार-पाच फांद्या राहतील असं बघा. कापल्यावर आठवड्याच्या आत भरपूर पाणी द्या, खालच्या जागेवर तीन इंच आच्छादन घाला. दुसऱ्या वर्षी एखादं झाड फिकट, बारीक पानांचं, झुपकेदार आणि बिनफुलांचं दिसलं तर तो वांझ रोग. तो अतिसूक्ष्म कोळी पसरवतात आणि बारमाही ठेवलेली तूर ही त्यांची हक्काची जागा असते. असं झाड त्याच दिवशी उपटा. तेवढं एक झाड जपण्याच्या मोहात बाकीची जातात.

कात्री_आणि_खुरपं

वरचं तुरीबद्दलचं सगळं पटलं. हादग्याबद्दल सावध करते.

हादगा छाटणी सहन करतो असं सरसकट लिहिलेलं असतं. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) किंवा शेवरी जशी कंबरेला कापली तरी तरारून फुटते, तसा हादगा फुटत नाही. त्याचा मुख्य बुंधा खाली कापला, किंवा सगळा पाला एकदम काढला, तर झाड मरतं. एकदा वाचलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मरतं. त्यामुळे छाटणीचे नियम ठरलेले हवेत. रोप ४–५ फुटांचं झालं की कोवळा, बोटाने मोडेल असा शेंडा एकदाच खुडायचा. त्यानंतर फक्त बाजूच्या फांद्या आखूड करायच्या, एका वेळी एक तृतीयांश पाल्यापेक्षा जास्त नाही, आणि दोन छाटण्यांत सहा ते आठ आठवडे. हिवाळ्यात फुलं चालू असतात आणि वाढ मंदावते, तेव्हा हात लावायचा नाही.

न छाटलेला हादगा पहिल्याच वर्षी १२–१५ फूट जातो. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, वळवाच्या वाऱ्याने मोडतो किंवा कलतो. भिंतीपासून आणि लिंबोणीपासून ६ फूट तरी अंतर हवं. लावताना बांबूचा आधार द्या, पण सुतळी आठच्या आकड्यात आणि सैल बांधा, खोड झपाट्याने जाड होतं आणि आवळलेली सुतळी सालीत रुतते.

बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून थेट जागेवर पेरा. पिशवीत महिन्याभराच्या वर ठेवलं तर सोटमूळ गुंडाळतं. हादग्याला तुरीचं रायझोबियम कितपत लागू पडेल याच्या भरवशावर न राहता एखाद्या जुन्या हादग्याखालची किंवा धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) घेतलेल्या शेतातली दोन मुठी माती खड्ड्यात टाका. धैंचा त्याचाच भाऊबंद आहे.

एक कायदेशीर बाब. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. हादगा बेफाम वाढू देऊन मग 'काढून टाकू' हा बेत त्यामुळे नको. पहिल्या वर्षापासून तो डोक्याएवढाच ठेवा आणि उतरणीला लागण्याआधीच शेजारी नवं बी पेरून ठेवा.

सावलीचा_हिशेब

माझं मत वेगळं आहे. २२ × १४ मध्ये लिंबोणी, कढीपत्ता आणि शेवगा आधीच आहेत. तिथे हादगा चौथं झाड होणार. फक्त सहा तास ऊन आहे, त्यातलं आणखी कमी करून वाफ्यातली भाजी घालवू नका. हादग्याच्या फुलांचा मोह असेल तर शेवगा काढून त्या जागी हादगा, अशी अदलाबदल करा. नाहीतर तुरीची ३ ऐवजी ५ झाडं लावा.

आणि फक्त पाला हवा असेल तर कोपऱ्यात गिरिपुष्पाचं एक खुंट, चार फूट लांब, अंगठ्याहून जाड, पावसाच्या तोंडाशी फूटभर खोल रोवा. पाल्याच्या बाबतीत त्याच्या जवळपास कोणी येत नाही, आणि दर दीड-दोन महिन्यांनी कंबरेला कापलं तरी त्याची तक्रार नसते. मात्र ते खायचं झाड नाही. काही भागांत त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नव्हे. लहान मुलं असतील, बागेत ससा-कुत्रा फिरत असेल, तर पाला आणि बिया त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असं बघा.

परस_धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवगा काढायचा विचार करतोय.

उभ्या दोन तुरींपैकी एकीची मुळं आज बाजूने उकरून बघितली. सात-आठ गाठी सापडल्या, मोहरीएवढ्या. कापल्या तर आतून हिरवट-पांढऱ्या. काही तर नुसतीच पोकळ टरफलं. म्हणजे ही झाडं नत्र धरतच नाहीत का? दर महिन्याला १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश खत) पाण्यातून देत होतो. गेल्या वर्षी पिवळेपणा आला होता तेव्हा वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असा फोटो फोनमध्ये सापडला. आणि गच्चीवर ग्रो बॅगेत तूर जमते का?

मुळावरची_गाठ

मे महिन्यात गाठींवरून निकाल देऊ नका. उन्हाने आणि कोरड्या मातीने गाठी आटतात, शेंगा भरल्यावरही झाड त्या सोडून देतं. पोकळ टरफलं म्हणजे त्या एके काळी काम करत होत्या. परीक्षा पेरणीनंतर ४०–४५ दिवसांनी, वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असताना घ्या. खोडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने मातीचं ढेकूळ अलगद उचला आणि बादलीत बुडवून धुवा. मूळ ओढून काढलं तर गाठी मातीतच तुटून राहतात आणि माणूस 'गाठीच नाहीत' म्हणतो. एक गाठ घेऊन नखाने मधोमध चिरा. ताज्या मांसासारखा गुलाबी-लाल रंग दिसला की ती चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या जातकुळीच्या एका प्रथिनाचा असतो आणि ते गाठीतला प्राणवायू हवा तेवढाच ठेवतं. पांढरी असेल तर अजून कच्ची किंवा निकामी जिवाणूंची, हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी. एक गंमत लक्षात ठेवा: गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने सुटते. मूळच जाड होऊन गाठाळल्यासारखं दिसत असेल आणि ती गाठ सुटत नसेल, तर ते सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आहेत. तेव्हा निंबोळी पेंड झाडाला अर्धा किलो आणि भोवती झेंडू.

१९:१९:१९ आजपासून बंद. जमिनीत तयार नत्र मिळत असेल तर झाड जिवाणूंना साखर कशाला देईल? गाठी कमी धरतात, धरल्या तरी आळशी राहतात. नत्र धरणाऱ्या झाडाला नत्राचं खत घालणं हे या प्रकारात सर्रास होतं आणि त्याने सगळा हेतूच फुकट जातो. लिंबोणीला द्यायचं तर तिच्या आळ्यात द्या, तुरीच्या गादीवाफ्यात येऊ देऊ नका.

काळी_भुई

फोटोच्या वर्णनाने निदान बरंच पक्कं झालं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. नत्र कमी असतं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी झाली असती. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही, आणि पाणी तुंबलं की आणखीच अडतं. तेव्हा दोन्ही गोष्टी एकच आहेत: पाण्याचा निचरा करा, अर्धं दुखणं जाईल. मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या, ८ च्या वर असेल तर शेणखत सढळ हाताने. तरीही पिवळेपणा आला तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, संध्याकाळी पानांवर, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण त्याच दिवशी वापरा. ठेवलं की तपकिरी होतं, मग उपयोग नाही.

बॅगेत तूर जमते. २० × २० इंचांची बॅग, एक झाड, माती-शेणखत-कोकोपीट समान. बॅगेत पेरणी जूनऐवजी ऑगस्टच्या अखेरीस करा. तूर दिवस लहान होत जातात तसं फुलावर येते. उशिरा पेरली की उंच व्हायच्या आधीच फुलते आणि तीन-साडेतीन फुटांत राहते. जमिनीत जागा कमी असणाऱ्यांनाही ही युक्ती उपयोगी. पण बॅगेतली तूर दोन वर्षांपेक्षा जास्त काढेल अशी आशा ठेवू नका.

याच कारणाने रस्त्याच्या दिव्याखाली तूर लावू नये. रात्रभर लख्ख उजेड पडला तर तिला दिवस लहान झाल्याचं कळत नाही, पालाच वाढत राहतो आणि फुलं लांबतात.

घाटमाथा_पश्चिम

वर आंबगुळाचा विषय निघालाय म्हणून लिहितो.

महाबळेश्वर, मुळशी, ताम्हिणीच्या रानात दिसणारं हे मोठं, शेजारच्या झाडांवर रेलणारं झुडूप. पान उलटं करून उन्हात धरलं की खालची बाजू चांदीच्या वर्खासारखी चमकते आणि त्यात मधेमधे गंजाच्या रंगाचे ठिपके असतात. ओळख तीच. फळं उन्हाळ्याच्या सुरुवातीला, लालसर, आंबट, आत एक रेघांचं लांबट बी. तशीच खातात, चटणी आणि सरबतही होतं.

हे शेंगवर्गीय नाही, तरी नत्र धरतं. याच्या गाठीत रायझोबियम नसून फ्रँकिया नावाचा वेगळा जिवाणू असतो आणि गाठ पोवळ्यासारखी फुटवे फुटलेली दिसते. तुमच्या काळ्या मातीत तो बहुधा नसणार. तेव्हा ज्या रोपवाटिकेत देशी झाडं मिळतात तिथून रोप घ्या आणि त्यांच्याकडच्या मोठ्या झाडाखालची मूठभर माती मागून घ्या. रानातून रोप किंवा माती उकरून आणू नका. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात तर तो गुन्हाच आहे. बाजारात फळं मिळाली तर बी धुऊन लगेच पेरा, वाळवून ठेवलेलं बी रुजत नाही म्हणालात तरी चालेल.

धायरीच्या उन्हात त्याला दुपारनंतरची सावली आणि एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड पाणी लागेल. पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला लावून दोन आडव्या तारांवर वळवलं तर दोन फूट रुंदीत राहतं. फळांसाठी काही वर्षं थांबायची तयारी हवी. पुण्याच्या कोरड्या हवेत त्याची वाढ घाटासारखी होणार नाही, म्हणून भरवसा तुरीवर ठेवा आणि हे एकच झाड हौसेने लावा.

परस_धायरी

ठरलं: शेवग्याच्या जागी हादगा, गादीवाफ्यावर बीएसएमआर-७३६ ची ३ झाडं, गेल्या वर्षीच्या जागेपासून लांब. भिंतीला गोकर्ण आणि एक आंबगूळ. जुन्या दोन तुरी ठेवू की काढू? आणि छाटलेला पाला लिंबोणीला नेमका कुठे टाकायचा?

कात्री_आणि_खुरपं

जुन्या तुरी काढा. त्या कोणत्या वाणाच्या आहेत माहीत नाही आणि रोग असेल तर नव्यांना लागेल. जमिनीलगत कापू नका, मुळासकट काढा, वर म्हटल्याप्रमाणे खोड चिरून बघा.

पाला लिंबोणीच्या खोडापाशी रचायचा नाही. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर सालीला ओल धरून डिंक्या होतो. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या रेषेवर, आत-बाहेर फूटभर, असं कडं करा. लिंबोणीची खाणारी मुळं तिथे आणि अगदी वर असतात, म्हणून खणून पुरू नका. पाला दोन-दोन इंच तुकडे करून पसरा, त्यावर पातळसा शेणखताचा थर, मग वाळलेली पानं. पावसाळ्यात कोवळा पाला तीन आठवड्यांत निम्मा विरतो. उन्हाळ्यात उघड्यावर टाकलेला पाला वाळून कुरकुरीत होतो आणि त्यातलं नत्र बरंचसं हवेत जातं, त्या दिवसांत तो कंपोस्टमध्ये घाला. मोठी छाटणी मृगाच्या पावसानंतर आणि दुसरी ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे लिंबोणीला नवी पालवी असते तेव्हाच तिला मिळतं. तुरीची मात्र ऑगस्टनंतर छाटणी नको, फुलाच्या फांद्या जातात.

हादग्याची फुलं भोंडल्याच्या सुमारास सुरू होतील. सकाळी, अर्धवट उमललेली असताना काढा. प्रत्येक फुलाचा हिरवा देठ-पेला आणि आतला लांब वाकडा केसरांचा जुडगा ओढून टाका, कडवटपणा तिथेच असतो. पाकळ्या चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळून घ्या, मग लसूण-मिरचीच्या फोडणीवर टाकून वरून डाळीचं पीठ पेरा. झाकण ठेवून दोन वाफा पुरतात. जास्त शिजवलं की पाकळ्यांचा लगदा होतो.